आधी तिला सांगितलं

"तुझी ती निळी साडी ईश्वरीला लागेल," सुहास म्हणाला.

मी शिवणाच्या मशीनवर बसले होते. पाय थांबला. "कुठली निळी?"

"सुती. पांढऱ्या बारीक चौकड्यांची." तो दारातच उभा होता, आत आला नव्हता. "आहे ना अजून?"

साडी होती. कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली होती. कपाट दोघांचं होतं, म्हणजे त्यालाही ते ठाऊक असणार. आमची जुई गेली त्या दुपारी माझ्या अंगावर तीच साडी होती.

"बघते," मी म्हटलं आणि पुन्हा मशीन चालू केलं.

सुहास माझा नवरा. तोवर त्यानं साखर कारखान्यांचे माहितीपट केले होते, काही नाटकं बसवली होती. 'कडी' हा त्याचा पहिला सिनेमा. मी नाटकांचे, मालिकांचे कपडे करायचे, त्यामुळे ह्या सिनेमाची वेशभूषाही माझ्याकडेच आली. ती माझ्याकडे यावी की नाही ह्यावर आमचं काही बोलणं झालं नाही. तेव्हा आमचं बोलणं असं कशावरच होत नव्हतं.

जुई पाच वर्षांची होती. आम्ही साताऱ्याबाहेर नव्या वसाहतीत राहायचो. घरामागं थोडं अंगण, मग तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडून पाटाचं पाणी वाहायचं. म्हणूनच सुहासच्या आईंनी मागच्या दाराला अगदी वर, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर कडी बसवून घेतली होती. जुईचा हात तिथं स्टुलावर चढूनही पोचला नसता. त्या दुपारी आई झोपल्या होत्या, सुहास माडीवर लिहीत होता, मी पुढच्या खोलीत कापड बेतत होते. जुई आजीच्या कुशीत झोपलीय असंच सगळे धरून चाललो होतो. ती कधी उठली ते आईंनाही कळलं नाही. मागचं दार सताड उघडं मिळालं आणि जुई खालच्या पुलाशी पाटात मिळाली.

कडी कुणी काढली हे त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर आईंनी एकदाच विचारलं. सुहास समोरच भिंतीला टेकून बसला होता.

"वृंदा, कपडे वाळत घालायला तू गेली होतीस ना गं मागं?"

"गेले होते. येताना कडी लावली होती."

"असेल," आई म्हणाल्या.

सुहास काही बोलला नाही. ते 'असेल' मग आमच्या घरात राहायला आलं. आई माझ्या हातचा चहा घ्यायच्या, माझ्याशी भाजीचं बोलायच्या, पण मी मागच्या दारातून आत आले की उठून जाऊन स्वतःच्या हातानं कडी तपासायच्या. माझ्यासमोर. पुढची सगळी वर्षं.

आणि सुहासनं त्या वर्षांत जुईचं नाव घेतलं नाही. मी घेतलं की तो उठून जायचा. मग मीही घेईनाशी झाले.

'कडी'ची गोष्ट त्यानं मला थोडक्यात सांगितली होती. धरणावरच्या सरकारी वसाहतीत एक कुटुंब राहतं. नवरा, बायको, सासू. त्यांची मुलगी पाण्यात जाते. मग रोज दुपारी मागच्या दारावर थापा पडायला लागतात, खाली, लहान मुलाच्या उंचीवर. तिघांपैकी प्रत्येकाला वाटतं, आपल्याला वेड लावायला उरलेल्या दोघांतलंच कुणीतरी हे करतंय.

"आणि शेवटी?" मी विचारलं.

"शेवट अजून कुणाला सांगितलेला नाही."

ते खरं नव्हतं. ईश्वरीला सांगितला होता.

ईश्वरी मोहिते इचलकरंजीची. नाटकातून आलेली, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, सावळी, लांब मानेची. ती त्या बाईचं काम करणार होती, म्हणजे माझं. पहिल्यांदा मापं घ्यायला आली तेव्हा मी टेप तिच्या पाठीवरून फिरवला आणि आकडे न लिहिताच माझ्या लक्षात आलं, माझाच ब्लाऊज तिला होईल. फक्त कमरेत बोटभर आत घ्यावा लागेल. ते बोटभर मला दिवसभर खुपलं.

साडी मी दिली नाही. पेठेत हिंडून तशीच निळी, तशाच चौकड्यांची शोधली, मिठाच्या पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून जुनी केली आणि चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी ईश्वरीला नेसवली. ती बाहेर गेली. पाच मिनिटांत सुहास कपड्यांच्या खोलीत आला.

"ही ती नाही."

"तीच आहे."

"तिच्या निऱ्यांकडच्या काठाला तू एक रफू केलं होतंस. जुईनं कात्री लावली होती म्हणून." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "मला ती हवीय, वृंदा."

कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून मी जुईचं नाव ऐकलं, आणि ते साडी मागताना. दुसऱ्या दिवशी मी खरी साडी आणून दिली. ईश्वरीच्या निऱ्या करताना रफू माझ्या बोटाखाली आलं. मी ते आतल्या बाजूला वळवून टाचणी लावली. टाचणी जरा जास्त आत गेली. ती "स्स" म्हणाली, मी "सॉरी" म्हणाले. चूक होती की नव्हती, मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

धरणाची ती वसाहत अर्धी ओस पडलेली होती. इंजिनियर लोकांच्या ओळीनं बांधलेल्या क्वार्टर्स, बरीचशी कुलूपं लागलेली. त्यातली एक आम्हाला मिळाली होती, आणि कपड्यांसाठी जवळच्या विश्रामगृहाची मागची खोली. सिनेमात जिथं रात्र हवी तिथंही काम दिवसाच चालायचं. खिडक्यांना काळी कापडं ठोकली की बाहेर टळटळीत ऊन आणि आत काळोख. त्या काळोखात माणसं कुजबुजत वावरायची. कुणी तसं सांगितलं नव्हतं, तरी.

थापांचा प्रसंग होता त्या दिवशी मी आत उभी होते. ईश्वरी स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होती. दार बंद. सुहास म्हणाला होता, थापा खऱ्या हव्यात, नंतर आवाज जोडला तर नटांना त्या लागत नाहीत. दारामागं जाऊन कोण बसलं हे मी पाहिलं नव्हतं.

ठक ठक, आणि मग उघड्या पंजानं एकदा. थप्प.

माझ्या हातातला हँगर खाली पडला. शॉट वाया गेला. ते जुईचं ठोठावणं होतं. दोनदा मुठीनं आणि एकदा पंजानं, कारण दोन वेळा मारून तिचा धीर संपायचा.

दार उघडून सुहास आत आला. गुडघ्यांना माती लागली होती. तो दारामागं उकिडवा बसून, लहान मुलाच्या उंचीवर हात धरून ठोठावत होता.

"आवाज कुणाचा झाला?" त्यानं विचारलं.

"माझा," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि ईश्वरीकडं गेला. तिच्याजवळ बसून हलक्या आवाजात काहीतरी सांगायला लागला. ती ऐकत होती. त्या मुलीची ऐकण्याची एक तऱ्हा होती. हातातलं काम तसंच चालू ठेवायची, मान खाली, आणि तरी सगळं तिच्यात उतरतंय हे दिसायचं. माणूस बोलत राहील असं ते ऐकणं होतं. मला तसं ऐकता आलं नव्हतं कधी. मी ऐकायला लागले की त्याला माझे डोळे दिसायचे.

दोघं रोज जेवणानंतर विश्रामगृहामागच्या चिंचेखाली बसायचे. भूमिकेचं बोलतात, असं सगळे म्हणत. म्हणायची पद्धत मला ऐकू यायची. एकदा ईश्वरी साडी सोडायला आली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "वृंदाताई, जुई झोपताना कान धरायची ना? तुमचा की स्वतःचा? सर म्हणाले त्यांना आठवत नाही."

"त्यांचा," मी म्हटलं.

"सरांचा?"

"हो. त्याचाच कान धरून झोपायची. त्याला आठवत नाही म्हणाला?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नाही. आठवतंय त्यांना. सांगवलं नसेल." तिनं पदराची घडी घालून माझ्या हातात दिली. मला तिचा राग आला. माझ्या नवऱ्याला काय सांगवत नाही हे ती मला समजावत होती.

त्या दिवसांत मी बरंच काही पाहायला लागले होते. तो तिच्यासाठी पाणी मागवतो. तिच्या कपाळावरची बट स्वतः नीट करतो, जे काम केस करणाऱ्या बाईंचं. घरी जाताना गाडीत तो डोळे मिटून बसायचा आणि मी काच खाली करून मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचे. भांडणं सगळी ईश्वरीवरून असायची. ती सोपी होती, म्हणून.

मग ती दुपार आली. मी कपड्यांच्या खोलीत इस्त्री करत होते. खिडकी उघडी होती. चिंचेखाली सुहास खाली बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून, आणि त्याची पाठ हलत होती. ईश्वरी त्याच्या शेजारी होती. तिचा हात त्याच्या पाठीवर. माझी साडी तिच्या अंगावर. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, मीच आहे.

जुई गेल्यापासून सुहास रडला नव्हता. स्मशानात नाही, घरी नाही, माझ्यासमोर तर नाहीच. लोक म्हणायचे, खंबीर आहे. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि तो थांबेपर्यंत तिथंच उभी राहिले. तो लवकर थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निळ्या साडीतला शेवटचा प्रसंग होता. मुलगी पाण्यात सापडल्यानंतर बाई भिजून परत येते, मागच्या पायरीशी. सिनेमाच्या शेवटी दाखवायचा म्हणून हा भाग सुहासनं ईश्वरीखेरीज सगळ्यांपासून राखून ठेवला होता. ईश्वरी नेसायला आली. मी तिच्यापुढं गुडघ्यांवर बसून निऱ्या घेत होते, टाचण्या माझ्या तोंडात.

"काल पाहिलं मी," टाचण्यांमधूनच म्हटलं.

ती गडबडली नाही. "खिडकी उघडी होती ते नंतर लक्षात आलं माझ्या." थोडं थांबून म्हणाली, "तुम्हाला वाटतंय तसं काही नाही, वृंदाताई."

"मला काय वाटतंय?"

"सगळ्या युनिटला वाटतंय तेच. तुम्हाला वाटलं तर तुमची चूक नाही." ती वर छताकडं बघत बोलत होती. "सर फक्त बोलतात. काल जे बोलले ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्यांनी शब्द घेतलाय. वृंदाला कळता कामा नये म्हणाले. तिला कळलं तर मी तिच्यासमोर उभा राहू शकणार नाही म्हणाले."

मी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत टोचल्या.

"सिगारेटचं सांगितलं का?"

तिचा पदर सावरणारा हात थांबला. "तुम्हाला माहीत आहे?"

"काय काय सांगितलं?"

आता शब्द राखण्यात अर्थ उरला नव्हता. ती माझ्यासमोर खाली बसली, नव्या निऱ्या चुरगळत, आणि हळू आवाजात बोलली. सुहासनं सिगारेट सोडली होती. आईंच्या समोर, जुईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. त्या दुपारी लिहिणं अडलं म्हणून तो कडी काढून मागच्या पायरीवर ओढायला गेला. अर्धी झाली तोच माडीवर फोन वाजला. कुणा निर्मात्याचा फोन यायचा होता. सिगारेट टाकून तो वर धावला. कडी राहिली.

"पोरीची शपथ मोडली आणि पोरगी गेली, असं म्हणतात सर. हे आईंना कसं सांगू? वृंदाला कसं सांगू?" ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आजच्या शॉटमध्ये बाईला पायरीवर ती सिगारेट दिसते. तिला कळतं. ती घराकडं वळून बघते आणि तिच्या डोळ्यांत नवऱ्यासाठी फक्त द्वेष दिसायला हवाय. पुढं शेवटी ती त्याला आत कोंडते, मागचं दार बाहेरून लावून घेते आणि निघून जाते. मग थापा आतून पडायला लागतात. त्या मारणारा तो असतो."

सुहासनं स्वतःला काय शिक्षा लिहून ठेवली होती ते मी ऐकत होते. पण खरं सांगायचं तर त्याची कीव मला नंतर आली. पहिल्यांदा जे आलं ते वेगळंच होतं. एखादी बाई त्याच्या आयुष्यात आली असती तर मी रडले असते, भांडले असते, माहेरी गेले असते. त्याची रीत असते. इथं तसं काही नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या एका गोष्टीची वाट बघत बसले होते ती त्यानं उचलून ह्या मुलीच्या ओंजळीत टाकली होती. चिंचेखाली. जेवणानंतर.

"त्यानं तुला अर्धंच सांगितलंय," मी म्हटलं. "उरलेलं त्यालाही माहीत नाही."

तिला ते सांगण्याची काही गरज नव्हती. पण तिच्याजवळ नाही असं माझ्याजवळ काहीतरी आहे हे मला तिला दाखवायचं होतं. म्हणून सांगितलं.

जुईला आणून पुढच्या खोलीत निजवलं होतं. आईंचा आक्रोश चालू होता, गल्ली दारात जमली होती. मी चिखलानं भरलेल्या पायांनी मागून आले, कारण पुढून वाट नव्हती. पायरीवर अर्धी सिगारेट पडलेली होती. टोकाची राख अजून गळलेली नव्हती. एका क्षणात मला सगळं कळलं. शपथ, माडी, फोन, कडी, सगळं. आणि मला दिसलं, आता आई मागं येतील, शेजारचे येतील, पोलीस येतील. मी वाकले, ती उचलली, नळाखालच्या बादलीत बुडवली आणि मोरीच्या तोंडातून बोटानं आत ढकलून दिली. बोटं पदराला पुसली. आत माझी मुलगी होती आणि मी बाहेर तिच्या बापाची सिगारेट मोरीत ढकलत होते. मग मी आत गेले आणि ओरडायला लागले. तोवर माझा आवाज फुटला नव्हता.

"का?" ईश्वरीनं विचारलं.

"तो मला सांगेल असं वाटलं. त्याचं त्यानं सांगावं. पहिल्या दिवशी नाही तर दहाव्याला. तेराव्याला आईंनी विचारलं तेव्हा तो समोर बसला होता."

"आणि तुम्ही गप्प राहिलात? आळ तुमच्यावर आला तरी?"

"तो बोलला असता तर मी त्याला पोटाशी धरलं असतं." माझा आवाज मला परका वाटला. "आता नाही सांगता येत. आता ते त्यानं तुला दिलंय."

मी तिला उठवलं आणि निऱ्या पहिल्यापासून घेतल्या. मग बादलीभर पाणी आणून तिच्या अंगावर, माझ्या साडीवर ओतलं, आणि पदराला ओली माती चोळली. कुठं किती चोळायची हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

शॉट लागला तेव्हा मी सुहासच्या खुर्चीमागं उभी होते. समोर छोट्या पडद्यावर पायरी दिसत होती, त्यावर सिगारेट. ईश्वरी चौकटीत आली. तिला सिगारेट दिसली. आता ती घराकडं वळून बघणार होती.

ती वाकली. सिगारेट उचलली. नळाखालच्या बादलीत बुडवली, मोरीशी बसली आणि बोटानं ती आत ढकलून दिली. बोटं पदराला पुसली. तोंड उघडलं, आवाज आला नाही. मग ती आत गेली आणि आतून तिचा आवाज फुटला.

कॅमेरा रिकाम्या पायरीवर चालू राहिला. "कट" म्हणायचं काम सुहासचं होतं. तो म्हणाला नाही. कॅमेरामननं वळून बघितलं, सगळ्यांनी बघितलं. सुहासची मान पडद्याकडं तशीच होती. मग तो हळूहळू वळला. ईश्वरी ज्या दारातून आत गेली त्या दाराकडं नाही. मागं. माझ्याकडं.

मी जवळून पाहिलं, तो चेहरा सिनेमात कुणाला करता आला नसता. पण मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. ईश्वरीनं ते माझ्यापेक्षा चांगलं केलं. मी त्या दिवशी गडबडीनं, चोरासारखं केलं होतं. तिनं त्यात माया आणली. आणि सुहासला जे कळलं ते तिच्या हातांतून कळलं, माझ्या नाही. त्यानंही तिलाच सांगितलं आणि माझं उत्तरही तिनंच दिलं.

काम थांबलं. तो आणि मी धरणाच्या भिंतीवरच्या रस्त्यानं चालत गेलो. ऊन होतं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"त्याच दुपारपासून."

"मग आई तुला..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही. "वृंदा, मी समोर बसलो होतो."

"हो."

"तू बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

तो कठड्याला धरून उभा राहिला. खाली पाणी अजिबात हलत नव्हतं.

"तिला का सांगितलंस?" मी विचारलं. "एवढंच सांग. मला का नाही आणि तिला का?"

"तिचं काही गेलं नव्हतं म्हणून," तो म्हणाला. "तुझं गेलं होतं. माझ्यामुळं गेलं होतं. तिला सांगताना फक्त माझं सांगायचं होतं."

मला ते पटलं. पटलं म्हणून दुखायचं थांबलं नाही. तो रडायला लागला तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि हात ठेवताना मला चिंचेखालचा तिचा हात आठवला. आमच्यात ती पुष्कळ दिवस राहिली, बिचारी, तिची काही चूक नसताना. सिनेमा पुढं लागला, फार चालला नाही, पण त्या पायरीच्या प्रसंगासाठी तिला एक बक्षीस मिळालं. स्टेजवरून तिनं माझं नाव घेतलं. मी खाली बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येईपर्यंत सुहासशी धड बोलले नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही धरणावरून थेट साताऱ्याला, घरी गेलो. सुहास म्हणाला, आता आईला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

आई बाहेरच्या खोलीत चहा घेत बसल्या होत्या, बशीत खारी. अवेळी आलो म्हणून त्यांनी घड्याळाकडं बघितलं. सुहास त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसला आणि सांगून टाकलं. शपथ मोडल्याचं, पायरीचं, फोनचं, कडीचं. न थांबता, लहान मुलासारखं. मी दाराशी उभी होते.

आईंनी खारी बशीत ठेवली.

"सिगारेट तू सोडली होतीस," त्या म्हणाल्या.

"सोडली नव्हती, आई."

"माझ्यासमोर पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होतास. माझा मुलगा पोरीची शपथ मोडायचा नाही."

"मोडली. मीच काढली कडी. वृंदानं लावली होती ती."

आई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता त्या कोसळतील, किंवा त्याला मारतील, किंवा माझा हात धरतील. मी पुढं सरकले. त्यांनी काहीच केलं नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर एक ओळखीचा कडवटपणा आला.

"हिनं सांगायला लावलं?" त्यांनी सुहासला विचारलं.

"नाही गं, आई. खरं आहे हे."

"असेल," त्या म्हणाल्या.

सुहासनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याला वाटलं होतं, सांगणं हेच अवघड आहे.

"तुझ्या आधीचा माझा पोरगा तापात गेला," आई म्हणाल्या. हे मला त्रोटक माहीत होतं, पण त्या स्वतः कधी बोलल्या नव्हत्या. "सासूबाई म्हणाल्या, हिनं गारठ्यातून येऊन तसंच अंगावर पाजलं. चार बायकांत म्हणाल्या. तुझे वडील तिथंच खुर्चीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं." त्यांनी कप उचलला, त्यातला चहा निवला होता, तो खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "नशीबवान आहेस. माझ्यासाठी कुणी असा आळ अंगावर घेतला नाही."

त्यांच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. गेला महिनाभर ते माझ्याच घशात होतं.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या थोड्या आकसल्या, पण उठल्या नाहीत. सुहास अजून जमिनीवरच होता. त्यांनी वाकून त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"पण बाहेर कुणाला हे असं सांगत बसू नकोस," त्या म्हणाल्या. "लोकांना खरंच वाटेल."